प्रार्थनावाचक शब्दांचे अर्थांतर

देवाची किंवा सत्ताधीशाची याचना दर्शविणारा शब्द कालांतराने नापसंती, तक्रार किंवा निंदा या अर्थाने रूढ होतो. क्वचित याच्या उलट, तक्रारीचा वाचक शब्द प्रार्थनेचा वाचक बनतो. अर्थपरिवर्तनाचा हा एक लक्षणीय प्रकार आहे. इंग्रजी भाषेतील ‘डेप्रिकेट’ हे क्रियापद पहिल्या गतीचे, तर मराठीतील ‘गाऱ्हाणे’ हा शब्द दुसऱ्या गतीचे ठळक उदाहरण होय. अर्थसंकोच, अर्थविस्तार, अर्थोत्कर्ष व अर्थापकर्ष हे अर्थपरिवर्तनाचे नेहमीचे चार प्रकार मानले, तर प्रस्तुत प्रकार त्यांपैकी कोणत्याही एकात पूर्णपणे बसत नाही. येथे शब्दाची प्रतिष्ठा घटते वा वाढते एवढेच होत नाही, तर शब्दाने सूचित होणारा श्रोताच बदलतो किंवा नाहीसा होतो.

स्वरूप : संकटनिवारणाच्या कोणत्याही याचनेत तीन घटक असतात. याचना करणारा, ज्याच्यापाशी याचना करावयाची तो समर्थ श्रोता आणि जे टळावे अशी इच्छा असते ते अनिष्ट. अनिष्ट टळावे असे म्हणताना ते अनिष्ट आहे, म्हणजे नकोसे आहे, असा निर्णय आधीच झालेला असतो. सारांश, नापसंती ही अशा प्रार्थनेच्या पोटातच असते. ‘इडापिडा टळो’ या मराठी वाक्प्रचारात याचनाही आहे आणि इडापिडेविषयीची अप्रीतीही आहे. श्रोत्याची जाणीव जागी असेपर्यंत पहिला अर्थ प्रधान राहतो. ती मावळली की दुसरा अर्थ वर येतो. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) समाप्तीच्या पसायदानात दुष्टांचा नाश न मागता त्यांच्या ठिकाणचा वाकडेपणा जावा असे मागितले आहे. तेथे अनिष्टाविषयीची नापसंती स्पष्ट आहे, परंतु बोलणे विश्वात्मक देवाशी चालले असल्यामुळे ते निंदेचे रूप घेत नाही.

इंग्रजी क्रियापद : ‘डेप्रिकेट’ या क्रियापदाचे मूळ लॅटिन आहे. ‘प्रेकारी’ म्हणजे याचना करणे आणि ‘दे’ हा दूरत्ववाचक उपसर्ग. यांच्या संयोगाने सिद्ध झालेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘प्रार्थनेच्या योगे दूर सारणे’ असा होता. एखाद्याकरिता रदबदली करणे, शिक्षेची माफी मागणे हेही त्याचे अर्थ होते. रोमन वक्तृत्वशास्त्रात या क्रियापदापासून झालेले नाम एका विशिष्ट युक्तिवादाला लावीत. अपराध नाकारावयाचा नाही, तो कबूल करून केवळ दयेची याचना करावयाची, असे त्या युक्तिवादाचे स्वरूप होते.

‘प्रेकारी’ या क्रियापदाचा धातू इंडो-युरोपीय भाषाकुलात दूरवर पसरलेला आहे. संस्कृतातील ‘पृच्छति’, ‘पृच्छा’ व ‘प्रश्न’ हे शब्द त्याच मुळाचे असून मराठीतील ‘पुसणे’ हे क्रियापद ‘पृच्छति’ या रूपाशी जोडले जाते. जर्मनमधील ‘फ्रागेन’ (विचारणे) आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आलेले ‘प्रे’ (प्रार्थना करणे) हेही त्याचेच सगोत्र होत. संस्कृतातील ‘प्रार्थना’ हा शब्द मात्र ध्वनिसाम्य असूनही या कुळातला नाही. तो ‘प्र’ उपसर्ग लागलेल्या ‘अर्थ्’ या धातूपासून झाला आहे. याच लॅटिन मुळातून आलेल्या ‘प्रिकेअरिअस’ या इंग्रजी विशेषणाचा इतिहासही बोधप्रद आहे. त्याचा आरंभीचा अर्थ ‘याचनेने मिळालेले, दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेले’ असा होता. जे मर्जीवर अवलंबून ते बेभरवशाचे, या न्यायाने त्याला ‘अस्थिर, धोक्याचे’ हा आजचा अर्थ प्राप्त झाला.

इंग्रजीत या शब्दाचे नामरूप सोळाव्या शतकात आणि क्रियापद सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाले. प्रारंभी दोहोंचा अर्थ अनिष्टनिवारणार्थ प्रार्थना असाच होता. इंग्लंडच्या चर्चमध्ये १५४४ पासून इंग्रजीत म्हटल्या जाणाऱ्या सामुदायिक प्रार्थनामालिकेत वीज, वादळ, रोगराई, दुष्काळ, युद्ध अशा संकटांपासून सोडवण्याची विनवणी ज्या भागात येते, त्या भागाला हेच नाव आहे. पुढे सतराव्या शतकातच ‘एखाद्या गोष्टीविरुद्ध आग्रहाने सांगणे, ती न व्हावी अशी इच्छा बोलून दाखविणे’ असा अर्थ दिसू लागतो आणि त्यातून ‘नापसंती व्यक्त करणे’ हा अर्थ स्थिर होतो.

या स्थित्यंतराचा मार्ग क्रियापदाच्या कर्मावरून स्पष्ट होतो. प्रथम कर्माच्या स्थानी देवाचा कोप असे. नंतर युद्ध, दुष्काळ यांसारखे भावी संकट आले. अखेरीस दुसऱ्या मनुष्याचे वर्तन किंवा मत आले. कोप आणि संकट यांचे निवारण देवाने करावयाचे असते, म्हणून तेथे श्रोता गृहीत असतो. मनुष्याच्या वर्तनाविषयी बोलताना देवाला साक्षी ठेवण्याची गरज उरत नाही. शिवाय या क्रियापदाच्या रचनेत अनिष्टाचा उल्लेख आवश्यक असून देवाचा उल्लेख ऐच्छिक आहे. व्याकरणाने जे ऐच्छिक ठेवले, ते वापरात गळून पडले.

या क्रियापदाची त्यानंतरची वाटचालही श्रोत्याच्या अभावाचीच आहे. ‘मोल कमी करणे’ या अर्थाचे ‘डिप्रिशिएट’ हे क्रियापद किंमतवाचक लॅटिन शब्दापासून झालेले असून ते मुळात सर्वस्वी निराळे आहे. परंतु उच्चारसादृश्यामुळे दोहोंची सरमिसळ झाली आणि स्वतःला कमी लेखण्याच्या वृत्तीसाठी विसाव्या शतकात प्रार्थनामूलक शब्दच अधिक प्रचारात आला. संगणकक्षेत्रात, जी सोय अद्याप चालू आहे परंतु पुढे वापरू नये असे जाहीर करण्यात आले आहे, तिला हेच विशेषण लावतात. तेथे प्रार्थनेचा मागमूसही राहिलेला नाही. मात्र ‘दूर सारणे’ हा उपसर्गाचा अर्थ टिकून आहे.

गाऱ्हाणे : मराठीतील ‘गाऱ्हाणे’ या शब्दाची गती उलट दिशेची आहे. हा शब्द सामान्यतः संस्कृत ‘गर्ह्’ या धातूशी व त्यापासून झालेल्या ‘गर्हण’ या नामाशी जोडला जातो. अभिजात संस्कृतात ‘गर्हा’ म्हणजे निंदा, ‘गर्हणीय’ म्हणजे निंद्य. पाणिनीने अष्टाध्यायीत गर्हा व्यक्त करावयाची असता क्रियापदाची कोणती रूपे योजावीत, याचे स्वतंत्र नियम दिले आहेत. तथापि या धातूचा वैदिक प्रयोग अधिक जुना अर्थ दाखवितो. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातील एका अग्निसूक्तात, आमच्या अपराधाविषयी तू वरुणापाशी व द्युलोकापाशी काय गाऱ्हाणे सांगणार, असे अग्नीला विचारले आहे. तेथे ज्याच्यापाशी सांगावयाचे त्या देवतेचा निर्देश चतुर्थी विभक्तीने केलेला आहे. म्हणजे केवळ दोष देणे नव्हे, तर दुसऱ्या समर्थापुढे दोष मांडणे हा तेथील आशय होय.

जैन परंपरेने हा भेद पारिभाषिक काटेकोरपणे जपला आहे. प्रतिक्रमणाच्या विवेचनात निंदा व गर्हा हे शब्द पृथक् अर्थाने येतात. स्वतःच्या दोषाची स्वतःच्याच साक्षीने केलेली जाणीव ती निंदा आणि गुरूच्या साक्षीने दिलेली कबुली ती गर्हा. दोष तोच, पश्चात्तापही तोच. केवळ ऐकणाऱ्याच्या उपस्थितीने संज्ञा बदलते.

देशावरील मराठीत गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. कृष्णाच्या बाललीलांवरील संतरचनांत गौळणी यशोदेकडे कृष्णाच्या खोड्यांची गाऱ्हाणी घेऊन येतात. कोकणात व गोमंतकात मात्र देवाला ‘गाऱ्हाणे घालणे’ ही एक विधियुक्त प्रार्थना आहे. जत्रा, शिमगा, नवस फेडणे, नवे घर बांधणे अशा प्रसंगी गुरव किंवा गावातील मानकरी ग्रामदेवतेपुढे उभा राहून, जमलेल्या मंडळींच्या वतीने, देवतांची नावे घेत मागणे उच्चारतो. चूकभूल झाली असल्यास क्षमा मागितली जाते, आड येणारी पीडा दूर करण्याची विनंती केली जाते आणि प्रत्येक मागणीच्या शेवटी उपस्थित जन ‘होय महाराजा’ असा एकमुखाने दुजोरा देतात. देशावरून आलेल्या मनुष्यास हा शब्द ऐकून, गावकरी देवाविरुद्ध तक्रार करीत आहेत की काय, असा भ्रम होणे शक्य आहे. वस्तुतः देव हा येथे प्रतिवादी नसून न्यायाधीश आहे.

येथेही निर्णायक साक्ष व्याकरणाची आहे. गाऱ्हाणे नेहमी कोणाला तरी सांगितले जाते, कोणापुढे तरी मांडले जाते, देवाला घातले जाते. ‘डेप्रिकेट’ या क्रियापदाच्या रचनेतून श्रोता सुटला म्हणून प्रार्थना नापसंतीत विरली. ‘गाऱ्हाणे’ या शब्दाच्या रचनेत श्रोता टिकला, म्हणूनच तो श्रोता देव असेल तेथे दोषारोपवाचक शब्दही प्रार्थनेच्या पदवीला पोहोचू शकला.

निषेध : इंग्रजी क्रियापदाशी रचनेच्या दृष्टीने सर्वांत जवळचा मराठी शब्द ‘निषेध’ हा आहे. ‘नि’ हा उपसर्ग व ‘सिध्’ हा धातू यांपासून झालेल्या या शब्दाचा मूळ अर्थ निवारण, दूर सारणे असा आहे. मीमांसा व धर्मशास्त्र या ग्रंथांत विधी आणि निषेध ही जोडी येते. अमुक करावे हा विधी, अमुक करू नये हा निषेध. हा निषेध अधिकारवाणीचा असतो. त्याने कृती थांबावी अशी अपेक्षा असते. ‘निषिद्ध’ या विशेषणात मराठीनेही तो अर्थ राखला आहे. परंतु आधुनिक मराठीत नाम म्हणून ‘निषेध’ हा शब्द प्रामुख्याने जाहीर नापसंतीचा वाचक झाला आहे. निषेध नोंदविला जातो, निषेधाचा ठराव होतो, निषेधाच्या सभा भरतात. हिंदीत मात्र मनाईचा अर्थ कायम आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यातील माजरी (ता. भद्रावती, जि. चंद्रपूर) यासारख्या कोळसा खाणींच्या व रेल्वे जंक्शनच्या गावी मराठी व हिंदी शेजारी-शेजारी नांदतात. अशा ठिकाणी ‘प्रवेश निषेध’ या हिंदी फलकाचा अर्थ मराठी वाचकाने केवळ मराठीच्या आधारे लावला, तर प्रवेशास मनाई आहे असा न होता कोणी प्रवेशाबद्दल नाराजी दर्शविली आहे असा होईल. एकच तत्सम शब्द एका भाषेत आज्ञा आणि दुसरीत मतप्रदर्शन बनला आहे. ज्याच्या हाती थांबविण्याची शक्ती आहे त्याचा निषेध म्हणजे बंदी. ज्याच्या हाती ती नाही त्याचा निषेध म्हणजे नापसंतीची नोंद.

संक्रमणावस्था : प्रार्थना आणि नापसंती या दोन्ही अर्थांचा एकाच वेळी प्रत्यय देणारी उदाहरणे मराठी साहित्यात व लोकाचारात आढळतात. एकनाथांच्या (सोळावे शतक) एका प्रसिद्ध भारुडात एक सून भवानीला रोडग्याचा नवस बोलते आणि सासरच्या एकेका माणसापासून सुटका मागते. रूप नवसाचे आहे, आशय गाऱ्हाण्याचा आहे आणि अध्यात्मपर अर्थ घेतल्यास सासरची माणसे ही जीवाला अडकविणाऱ्या विकारांची प्रतीके ठरतात. श्रोते हसतात ते प्रार्थनेच्या आडून आलेल्या स्पष्ट नापसंतीमुळे.

पूर्व विदर्भातील मारबतीचा आचार हे याचे सामाजिक उदाहरण होय. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, मारबतीची प्रतिमा गावाबाहेर नेतात आणि इडापिडा, रोगराई, खोकला, ढेकूण-मोंगसे हे सारे तिने आपल्याबरोबर घेऊन जावे अशा आरोळ्या देतात. हा शब्दशः ‘प्रार्थनेने दूर सारण्याचा’ विधी आहे. नागपुरात काळी व पिवळी मारबत यांच्या मिरवणुका १८८० नंतरच्या दशकापासून निघतात. त्यांपैकी काळ्या मारबतीचा संबंध भोसले घराण्यातील बांकाबाईंनी इंग्रजांना अनुकूल भूमिका घेतल्याच्या रोषाशी जोडला जातो. मिरवणुकीत मारबतींबरोबर ‘बडगे’ नावाचे पुतळेही असतात. महागाई, भ्रष्टाचार, सार्वजनिक गैरव्यवहार यांवरील टीका त्या पुतळ्यांवरील फलकांतून केली जाते. रोगराईला उद्देशून असलेली आरोळी तशीच्या तशी भ्रष्टाचाराला लावली जाते. इंग्रजी क्रियापदाच्या कर्मस्थानी संकटाच्या जागी मानवी वर्तन आले, तोच पालट येथे शब्दकोशात न घडता रस्त्यावर घडलेला दिसतो. देवतेला केलेले आवाहन हळूहळू नागरिकांनी केलेला निषेध बनते.

राजदरबार व न्यायालय : याचनेचा श्रोता देव नसून राजा किंवा अधिकारी असेल, तेव्हा याचनावाचक शब्द व्यवहाराच्या परिभाषेत शिरतात. फार्सीतील ‘फर्याद’ म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो. मराठीत तिची ‘फिर्याद’ झाली आणि टाहो फोडणारा ‘फिर्यादी’ हा न्यायालयातील एक पक्ष ठरला. अरबीतील ‘तक्रार’ या शब्दाचा अर्थ केवळ पुनरुक्ती असा आहे. पुनःपुन्हा बोलणे, त्यावरून वादावादी आणि त्यातून गाऱ्हाणे, अशा पायऱ्यांनी तो मराठीतील आजच्या अर्थापर्यंत आला. जो एकदा सांगून ऐकला जातो त्याला पुनरुक्ती करावी लागत नाही, हे ध्यानी घेतल्यास ही पायरी अस्वाभाविक वाटत नाही. संस्कृत ‘विज्ञप्ति’ म्हणजे कळविणे. तिच्यापासून आलेली ‘विनंती’ मात्र नम्र याचनेच्या अर्थाने स्थिरावली. वरिष्ठाला काही कळविणे हेच मागणे ठरते, असा त्यामागील व्यवहार आहे. ‘संकट’ म्हणजे मुळात अरुंद, अडचणीची जागा; त्याचेच देशी रूप ‘साकडे’. साकडे घालावयाचे ते देवाला, हा जुना प्रयोग. आता मंत्र्यांना व अधिकाऱ्यांनाही साकडे घातल्याचे वृत्तपत्रांतून वाचावयास मिळते. श्रोता बदलला तरी तो अद्याप आहे, म्हणून साकडे हे याचनाच राहिले.

देवनामे व पूजोपचार : प्रार्थनेतील शब्द व हावभावही नापसंतीच्या कामी येतात. संस्कृत नाटकांतील पात्रे अभद्र वचन कानी पडताच ‘शान्तं पापम्’ असे उद्गारतात. पाप शमो, ही तेथे प्रार्थना असून तिचा उपयोग मात्र तीव्र अमान्यता दर्शविण्याकडे होतो. मराठीतील ‘शिव शिव’ हा उद्गार त्याच जातीचा आहे. नामस्मरणाने अमंगळाचे परिमार्जन व्हावे हा त्याचा हेतू, परंतु ऐकणाऱ्यास त्यातून किळस किंवा खेद यांचाच बोध होतो. ‘दुरूनच नमस्कार’ व ‘कोपरापासून हात जोडणे’ या वाक्प्रचारांत वंदनाची मुद्रा नकाराची मुद्रा झाली आहे. ‘उद्धार’ म्हणजे वर काढणे, तारणे. पण एखाद्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असे म्हटले की शिव्यांची लाखोली अभिप्रेत असते, आणि त्यातील ‘लाखोली’ हाही देवाला लक्ष फुले वा पाने वाहण्याच्या व्रताचा शब्द आहे. या शेवटच्या गटात उपरोधाचा भाग मोठा असल्याने तो ‘डेप्रिकेट’ किंवा ‘गाऱ्हाणे’ यांच्याहून वेगळा मानावा लागतो. तेथे अर्थ हळूहळू न सरकता वक्त्याने जाणूनबुजून उलटा केलेला असतो.

महत्त्व : आधुनिक अर्थविज्ञानाचा पाया घालणारा फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मीशेल ब्रेआल याने १८९७ च्या आपल्या ग्रंथात अर्थपरिवर्तनाची कारणे शब्दात न शोधता बोलणाऱ्यांच्या हेतूत व व्यवहारात शोधावीत, या दिशेने विवेचन केले. भर्तृहरीने वाक्यपदीयात अनेकार्थी शब्दाचा नेमका अर्थ ठरविणाऱ्या गोष्टींत प्रकरण, म्हणजे संदर्भ, याची गणना केली आहे. प्रस्तुत उदाहरणे या दोन्ही विचारांना पुष्टी देतात. कारण येथे संदर्भातील एकच घटक, श्रोता, अर्थाची दिशा ठरवितो.

व्यावहारिक दृष्ट्याही हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रजी मजकुरात ‘डेप्रिकेट’ हे क्रियापद आले असता त्याचा आजचा अर्थ घेतल्यास, देवाच्या कोपापासून रक्षण मागणारा मनुष्य देवाच्या कोपाला नावे ठेवतो आहे असा विपरीत अर्थ निघेल. त्याचप्रमाणे आधुनिक इंग्रजीतील सौम्य नापसंतीचे भाषांतर सरसकट ‘निषेध’ असे केल्यास मूळ बोलणाऱ्याच्या तोंडी त्याने न वापरलेली तीव्रता घातली जाते. अशा ठिकाणी ‘नापसंती दर्शविणे’ किंवा ‘योग्य न वाटणे’ असे म्हणणे अधिक अचूक ठरते. कोकणातील गाऱ्हाण्याची नोंद करणाऱ्या अभ्यासकाने त्यास तक्रार म्हटल्यास एका संपूर्ण प्रार्थनाप्रकाराचे स्वरूप हरवेल.

याहून व्यापक अशी एक गोष्ट या शब्दांच्या इतिहासातून निष्पन्न होते. ऐकणारा कोणी आहे असा विश्वास असेपर्यंत अनिष्टाविषयीचे बोलणे याचना, फिर्याद किंवा गाऱ्हाणे या रूपांत राहते. तो विश्वास सरला, किंवा ऐकणाऱ्याचे भानच उरले नाही, की तेच बोलणे केवळ नापसंती बनते. कोकणातील देवळात ‘होय महाराजा’ म्हणणारा समूह गाऱ्हाण्याला श्रोता आहे याची साक्ष प्रत्येक मागणीगणिक देत असतो. तेथे तो शब्द अद्याप प्रार्थना राहिला आहे, याचे हे मुख्य कारण होय.